दोर लावून झाडावर चढताना गाठ कधी सरकते, कधी हलतच नाही. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय, पन्हाळ्याच्या पायथ्याला शेतातल्या चिंचेवर १२ मिमीचा दोर थेट फांदीवरून टाकलाय, ब्लेक्स हिच (हातानं सरकवता येणारी, पण वजन पडलं की दोर धरून ठेवणारी गाठ) मारलीय, आणि ती एकदा वीतभर घसरते तर पुढच्या खेपेला जागची हलत नाही.

आधी दोर बघा. हार्डवेअरच्या दुकानातला पिळाचा दोर असेल तर वर जाऊच नका. चढाईचा, विणलेल्या आवरणाचा आणि कमी ताणला जाणाराच हवा.

दोर बरोबर असेल तर मला संशय फांदीचा येतो. चिंचेची साल खरबरीत, भेगाळलेली. दोर तिथं अडकतो आणि एकदम सुटतो, त्यामुळं गाठीवर भार झटक्याझटक्यानं येतो. जोतिबाच्या वाटेवर ओळखीच्यांच्या आंब्यावर मी दोन रविवार नुसता गाठी बदलत बसलो होतो. शेवटी फांदीवर दोन कड्यांचा पट्टा, म्हणजे फ्रिक्शन सेव्हर टाकला, कड्यांतून दोर ओवला आणि ओढ एकसारखी आली. झाडाची सालही सोलवटत नाही, ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

आता गाठ. चार वेढे, शेपूट म्हणजे दोराचं मोकळं टोक खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर. वेढे एकमेकांवर चढलेले नकोत. शेपटाला आठाची गाठ हवीच, कारण ते हळूहळू आत ओढलं जातं. नवा दोर गुळगुळीत असतो, म्हणून वजन टाकण्याआधी दर वेळी गाठ हातानं आवळून घ्या.

उतरताना सुसाट येत असाल तर थांबा. खाली आल्यावर गाठ सोडून वेढ्यांची आतली बाजू बोटानं चाचपा. चकचकीत, प्लास्टिकसारखी कडक लागली तर दोर तिथं घासून वितळलाय. तेवढं टोक कापून टाका आणि गाठ नव्यानं मारा.

भिजलेल्या दोरावर गाठ कचकन आवळते. आषाढ-श्रावणात मी चढतच नाही, ओल्या सालीवर पायही ठरत नाही.

पट्टा टाकलात की दोघांनी मिळून दोराला लोंबकळून बघा, कान फांदीकडे ठेवा. कर्र वाजलं तर दुसरी फांदी. मग जमिनीपासून फूटभरावर गाठीवर बसून बघा. तिथंही सरकली तर दोन्ही बाजूंनी गाठीचा फोटो टाका, वेढे बघून सांगतो.