वाचकांचे प्रश्न : एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टचा पगार आणि पदवीचं कर्ज

प्रश्न : मुलगी इथल्या कम्युनिटी कॉलेजात रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची पदवी घेणार आहे. सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर कॉलेजच्या नावापुढे कमाई आणि कर्ज असे दोन आकडे दिसतात. ते कितपत खरे धरायचे?
– एक आई, ओहायो

उत्तर : आकडे खरे असतात, फक्त ते कुणाचे आहेत ते आधी बघा. स्कोअरकार्डवर रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजीचा वेगळा कप्पा नाही. तिथली वर्गवारी ५१.०९ या चार अंकी कोडपाशी थांबते आणि त्या एका कोडात रेडिओग्राफर, रेस्पिरेटरी थेरपिस्ट, सोनोग्राफर, सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट, पॅरामेडिक अशी सगळी मंडळी एकत्र येतात. कॉलेजात पॅरामेडिकची बॅच मोठी असेल तर कमाईचा आकडा खाली येतो. एक्स-रेवाल्यांना खरंच किती मिळतं ते त्यावरून कळत नाही.

कर्जाचा आकडा तर आणखी जपून वाचावा. ज्यांनी केंद्र सरकारचं कर्ज घेतलं, फक्त त्यांचाच तो मीडियन, म्हणजे रांगेतला मधला आकडा, असतो. एक डॉलरही न उचलता बाहेर पडलेली मुलं त्यात नसतात. आईवडिलांनी काढलेलं पॅरेंट प्लस कर्ज आणि बँकेचं खासगी कर्जही त्यात धरत नाहीत.

पगारासाठी ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या सरकारी खात्याकडे बघा. मे २०२४मध्ये रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्टचा वार्षिक मीडियन ७७,६६० डॉलर होता, एमआरआयवाल्यांचा ८८,१८०. पण यात वीस-वीस वर्षं मुरलेले लोकही मोजलेले आहेत, तेव्हा पहिल्या वर्षी एवढा धरून हिशेब मांडू नका. नव्याने लागलेल्यांच्या वाट्याला बऱ्याचदा संध्याकाळ-रात्रीची पाळी येते, नाहीतर पर डिएम, म्हणजे गरज पडेल तेव्हा बोलावण्याचं, काम. पर डिएममध्ये ताशी दर चांगला दिसतो, पण तासांची हमी नसते आणि आरोग्य विमाही बहुधा नसतो. मुलाखतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारून घ्यायला सांगा : मूळ ताशी दर, पाळीचा भत्ता आणि आठवड्याचे हमीचे तास.

प्रश्न : फी तर कमी आहे, मग या कोर्सच्या मुलांवर कर्ज होतंच कसं? आणि हप्ता किती बसेल?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : फीमुळे सहसा होत नाही. २०२४-२५मध्ये आपल्याच डिस्ट्रिक्टच्या कम्युनिटी कॉलेजची सरासरी वार्षिक फी सुमारे ४,०५० डॉलर होती आणि पेल ग्रँटची (कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार देतं ते, परत न करायचं अनुदान) कमाल रक्कम ७,३९५. पूर्ण पेल मिळणाऱ्याची फी भागून पुस्तकांपुरते पैसे उरतात.

घोळ होतो तो वेळेचा. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, अल्जिब्रा, मेडिकल टर्मिनॉलॉजी हे विषय आधी पुरे केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी मूळ कोर्सला घेत नाहीत. क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाच्या, जागा मोजक्या, म्हणून बॅच लहान. दोन वर्षांच्या पदवीला तीन-चार वर्षं लागतात ती अशी. पुढे क्लिनिकल सुरू झालं की वर्ग धरून आठवड्याचे ४० तासांपर्यंत जातात आणि त्याचा पगार नसतो. चालू नोकरी सुटते, आणि कर्जाचे पैसे घरभाड्यात आणि गाडीच्या पेट्रोलमध्ये जिरतात. त्यात स्क्रब्ज, अंगावर पडणारे किरण मोजणारा डोसिमीटर बॅज, लसी, पार्श्वभूमी तपासणी, सीपीआरचं कार्ड आणि एक्स-रेवर डावी-उजवी बाजू दाखवणारे, स्वतःच्या आद्याक्षरांचे लेड मार्कर आलेच. मार्कर हरवतातच, सुरुवातीलाच दोन जोड घ्या.

म्हणून आमचा सल्ला असा, की आधीचे विषय नोकरी करता करता रोख पैसे भरून उरका आणि कर्ज क्लिनिकलसाठी राखून ठेवा. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळतं. त्यातले ३,५०० आणि ४,५०० सबसिडाइज्ड असू शकतात, म्हणजे शिकत असताना त्यांचं व्याज सरकार भरतं. कॉलेज पूर्ण रक्कम मंजूर करून पाठवतं, पण ती सगळी घेतलीच पाहिजे असं नाही. अनसबसिडाइज्ड भाग नाकारता येतो. खात्यात आलेले जास्तीचे पैसे १२० दिवसांत परत केले तर त्यांच्यावरचं व्याज आणि फीसुद्धा रद्द होते.

दोन्ही वर्षांचे मिळून १२,००० डॉलर घेतले, तर २०२५-२६च्या ६.३९ टक्के व्याजदराने दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण १३६ डॉलर पडतो.

मुलं एका ठिकाणी हमखास फसतात. प्रवेशाची वाट बघताना एखादाच विषय घेतला आणि सेमिस्टरचे क्रेडिट सहाच्या खाली गेले, की कर्जाच्या लेखी शिक्षण थांबलं. शिक्षण संपल्यावर हप्ते सुरू होण्याआधी मिळणारी सहा महिन्यांची सवलत तिथूनच मोजायला लागतात. सहा महिने उलटून गेल्यावर पुन्हा नाव घातलं तर हप्ते थांबतात खरे, पण ती सवलत संपलेली असते आणि पदवी मिळाल्या मिळाल्या, नोकरी लागायच्या आधीच, हप्ता सुरू होतो.

प्रश्न : पत्नी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे. तिला हे कर्ज मिळेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. एच-४ आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना केंद्र सरकारचं कर्जही नाही आणि पेलही नाही. ग्रीनकार्ड असेल तर दोन्हीसाठी अर्ज करता येतो. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागू होते का, ते कॉलेजला लेखी विचारा, कारण प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. एआरआरटीचं (रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्टची परीक्षा घेणारी संस्था) प्रमाणपत्र म्हणजे एच-४ वर अमेरिकेत नोकरी करण्याचा परवाना नव्हे, तो वेगळा लागतो. तो कधी मिळेल याचा अंदाज नसेल तर खासगी कर्ज काढून शिकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दोन कॉलेजांची फी सारखीच आहे. निवड कशावर करायची?
– एक विद्यार्थी, इलिनॉय

उत्तर : एआरआरटीच्या परीक्षेला बसायला असोसिएट पदवी तर लागतेच, शिवाय कोर्सही एआरआरटीच्या यादीतला असावा लागतो, तेव्हा ते आधी तपासा. कोर्स जेआरसीईआरटी-मान्य (ही अशा कोर्सना मान्यता देणारी संस्था) असेल तर तीन आकडे जाहीर केलेले असतात : पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होणारे, बारा महिन्यांत नोकरी लागणारे आणि कोर्स पुरा करणारे. पहिल्या दोन आकड्यांना पाच वर्षांच्या सरासरीत ७५ टक्क्यांची अट असते, त्यामुळे ते बहुतेकांचे बरे दिसतात. खरा फरक तिसऱ्यात कळतो. मध्येच गळालेल्यांच्या डोक्यावर कर्ज राहतं आणि परीक्षेला बसण्याचा हक्कही नसतो.