‘बुजरा’ म्हणावे की ‘लाजाळू’?

लहान मुलांचा स्वभाव आणि मेंदूची रचना यांच्या संबंधाविषयी एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना एका वाचकांना अडचण आली. मूळ लेखात ‘शाय’ आणि ‘इनहिबिटेड’ हे शब्द जवळजवळ येतात. पहिल्यासाठी त्यांनी ‘लाजाळू’ आणि दुसऱ्यासाठी ‘प्रतिबंधित’ असे लिहिले, पण ‘प्रतिबंधित बालके’ त्यांचे त्यांनाच खटकले. त्याऐवजी ‘भिडस्त’ किंवा ‘संकोची’ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते या ठिकाणी ‘बुजरा’ हाच शब्द योग्य आहे.

‘प्रतिबंधित’ खटकते याचे कारण उघड आहे. या शब्दात बाहेरून कोणीतरी मनाई केल्याचा अर्थ आहे आणि या मुलांना कोणीही मनाई केलेली नसते. ‘लाजाळू’ची अडचण जास्त सूक्ष्म आहे. लाज वाटायला कोणीतरी पाहणारे लागते, आणि आपल्याकडे कोणी पाहत आहे, आपल्याविषयी काही मत बनवत आहे, ही जाणीवही लागते. (लाजाळूचे रोप कोणी पाहो न पाहो, स्पर्श होताच पाने मिटते, त्याला ते नाव आपण माणसांनी आपल्यावरून दिले.) भीड तर त्याहून पुढची. ती एखाद्या माणसाची पडते, ती मोडवत नाही, आणि सहवासाने ती चेपते. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण ज्याला नाही म्हणता येत नाही अशा मोठ्या माणसासाठी आहे. दोन वर्षांचे मूल तर दिवसभर ‘नाही’च म्हणत असते. ‘संकोच’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आकसणे, म्हणून ‘संकोची’ बराच जवळ येतो. पण ‘संकोच करू नका, आणखी एक पोळी घ्या’ असे म्हणता म्हणता आपण त्याला शिष्टाचाराच्या पंगतीत नेऊन बसवले आहे. ‘घुमा’ आणि ‘मुखदुर्बळ’ हे शब्द केवळ बोलण्यावरून माणूस ठरवतात, म्हणून ते येथे उपयोगाचे नाहीत.

‘बुजणे’ हे क्रियापद आपण आजही जनावरांसाठी वापरतो. लहानपणी गावच्या रस्त्यावर मी एक बैल बुजलेला पाहिला होता. कुंपणाला अडकलेला निळ्या प्लास्टिकचा तुकडा वाऱ्याने फडफडत होता. बैलाने पुढचे पाय रोवले, कान ताठ केले, आणि नाकपुड्या फुगवून तो मोठमोठ्याने श्वास घेत जागच्या जागी उभा राहिला. तेथे लाजण्यासारखे कोणी नव्हते आणि इजाही झालेली नव्हती. ती वस्तू अनोळखी होती एवढेच. शेतातले बुजगावणे याच क्रियापदाच्या कुळातले आहे. (खड्डा किंवा विहीर बुजते तो ‘बुजणे’ अर्थाने अगदी वेगळा आहे.) इंग्रजीतला ‘शाय’ हा शब्दही घोडा बुजण्यासाठी क्रियापद म्हणून वापरतात, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा प्रत्ययाचा. हसणे-हसरा, नाचणे-नाचरा, बोचणे-बोचरा, दुखणे-दुखरा या जोड्यांत ‘रा’ हा प्रत्यय एखादी क्रिया घडल्याचे सांगत नाही, तर ती वरचेवर घडण्याचा गुण किंवा कल सांगतो. एकदा हसला म्हणून कोणी हसरा होत नाही. त्याचप्रमाणे लग्नघरच्या गर्दीत आईचा पदर धरून बसलेले मूल ‘बुजलेले’ असते. घर नवे असो, खेळणे नवे असो की माणूस नवा असो, दर वेळी तसेच थबकते ते मूल ‘बुजरे’. प्रसंग आणि स्वभाव यांतला जो भेद मानसशास्त्राला नेमका करायचा असतो, तो मराठीने एका अक्षरात केलेला आहे.

हा भेद संशोधनाशी कसा जुळतो तेही पाहण्यासारखे आहे. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सुमारे दोन वर्षांच्या मुलांसमोर अनोळखी स्त्री, विचित्र दिसणारा यंत्रमानव, नव्या वस्तू असे प्रसंग आणले. काही मुले गप्प होत, खेळ थांबवत आणि आईला चिकटत. हे थबकणे केवळ माणसांपुढचे नव्हते, नव्या वस्तूंपुढचेही होते. म्हणूनच केगन यांनी ‘शाय’हून व्यापक असा ‘इनहिबिटेड’ हा शब्द वापरला. पुढे त्यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर हलणारी रंगीत खेळणी धरली, त्यांना अनोळखी आवाज ऐकवले. सुमारे २० टक्के बाळे हातपाय जोरात झाडत आणि रडत. साधारण ४० टक्के शांत राहत. पहिल्या गटातली मुले पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक आढळली. चार महिन्यांच्या बाळाला लाज कुठून असणार?

मेंदूविषयीचे निष्कर्ष नंतर आले. दुसऱ्या वर्षी बुजरी ठरलेली मुले विशीत आल्यावर त्यांना ओळखीचे आणि अनोळखी चेहरे दाखवले, तेव्हा अनोळखी चेहऱ्यांना त्यांच्या अमिग्डालाचा, म्हणजे मेंदूच्या आतल्या बदामाच्या आकाराच्या केंद्राचा, प्रतिसाद धीट मुलांच्या तुलनेत जास्त होता. कार्ल श्वार्ट्झ, केगन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. २०१०च्या अभ्यासात, चार महिन्यांचे असताना पाहिलेल्या ७६ जणांच्या मेंदूची रचना अठराव्या वर्षी तपासली. लहानपणी जोरात प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये मेंदूच्या वरच्या घडीदार सालीचा कपाळामागचा, मध्याकडचा उजवा भाग तुलनेने जाड होता; शांत राहणाऱ्यांमध्ये डाव्या डोळ्याच्या खोबणीवरचा भाग जाड होता.

येथे भाषांतरकाराने विशेष जपावे. जाडीतला हा फरक दोन गटांच्या सरासरीतला आहे, म्हणून ‘बिघाड’ किंवा ‘दोष’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत आणि ‘मेंदूमुळे’ न लिहिता ‘मेंदूच्या रचनेशी संबंध’ असे लिहावे. ‘टेम्परामेंट’साठी ‘पिंड’ हा शब्द मला फार आवडतो. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मात्र या संदर्भात कोणी जोडू नये, कारण जोरात प्रतिसाद देणाऱ्या बाळांपैकी अनेक जण पुढे फारसे बुजरे राहिले नाहीत. पिंडाची खूण उरते आणि वागणे बदलते, असे दोन्ही एकाच वेळी खरे असते.

शब्द बरोबर बसला की नाही, हे त्याच्या विरुद्धार्थी शब्दावरून लगेच कळते. मूळ लेखात ‘अनइनहिबिटेड’ मुलेही असणारच. ‘लाजाळू’ घेतला तर त्यांना ‘निर्लज्ज’ म्हणण्याची वेळ येते, ‘भिडस्त’ घेतला तर ‘निर्भीड’, आणि निर्भीड पत्रकार असतो, तान्हे मूल नव्हे. ‘बुजरा’ घेतला की समोर आपोआप ‘धीट’ येतो, आणि आजीसुद्धा दोन नातवंडांविषयी सांगताना हीच जोडी वापरते.