पॅकेज १२५, पगार ८२

पत्र: सर, मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. दोन ऑफर हातात आहेत. एक मोठ्या कंपनीची. पॅकेज जास्त, पण दोन वर्षांचा बाँड. दुसरी पंचवीस माणसांच्या लहान फर्मची. पॅकेज कमी, बाँड नाही. बाबा म्हणतात, पहिल्या पगारावरच पुढचे सगळे पगार ठरतात, मोठा आकडा सोडू नकोस. त्यात वर्गातल्या एका मुलाला माझ्या दुप्पट पॅकेज मिळालंय, तेव्हापासून घरात रोज त्याचं नाव निघतं. मोठ्या कंपनीने सात दिवसांत उत्तर मागितलंय, त्यातले तीन गेले. लहान फर्मच्या मुलाखतीत एका वरिष्ठ बाईंनी माझ्या प्रोजेक्टमधली चूक दाखवली, मला फार अपमानास्पद वाटलं. दोन्ही ऑफर लेटर सोबत जोडली आहेत. काय करू?

उत्तर: ऑफर लेटर जोडलीस हे फार बरं केलंस. बहुतेक मुलं मला नुसता आकडा कळवतात आणि विचारतात, ‘घेऊ का?’ आकड्यावरून काय सांगणार, कपाळ?

तुझी खरी रक्कम इथे उघड करत नाही. लहान फर्मचं पॅकेज १०० धरू. त्या हिशोबाने मोठ्या कंपनीचं १२५ होतं. आता मोठ्या कंपनीच्या पत्राचं शेवटचं पान काढ, जिथे पॅकेजचा ब्रेकअप, म्हणजे फोड, दिलाय. ठरलेला पगार ८२. व्हेरिएबल २०. जॉइनिंग बोनस १०. निवृत्तिनिधीत कंपनी भरणार ते ८. विमा आणि प्रशिक्षण मिळून ५. झाले १२५. लहान फर्मच्या पत्रात ठरलेला पगार ८८, निवृत्तिनिधी ८, विमा ४. झाले १००.

म्हणजे दर महिन्याला खात्यात जे नक्की पडणार, ते लहान फर्मकडे जास्त आहे. कर आणि कपाती दोन्हीकडे होतीलच, ते तूर्त बाजूला ठेव. व्हेरिएबलच्या शेजारी एक बारीक तारांकन आहे, पाहिलंस? पानाच्या तळाशी त्याचा खुलासा आहे: ‘कंपनीच्या व कर्मचाऱ्याच्या कामगिरीनुसार, व्यवस्थापनाच्या निर्णयाधीन.’ म्हणजे ते २० ही कमाल मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, आणि दोन वर्षांच्या आत सोडलंस तर परत करावा लागतो. एक रुपयाही व्हेरिएबल आलं नाही तर मोठ्या कंपनीत पहिल्या वर्षी ९२ आणि पगारवाढ झाली नाही तर दुसऱ्या वर्षी ८२. सगळं व्हेरिएबल आलं तर ११२ आणि १०२. लहान फर्ममध्ये पगार वाढला नाही तरी दोन्ही वर्षं ८८.

मोठी कंपनी फसवतेय असं मी म्हणत नाही. पत्रात सगळं लिहिलेलं आहे, फक्त मोठा आकडा पहिल्या पानावर आहे आणि हिशोब शेवटच्या. एचआरला सरळ विचार: ‘गेल्या दोन वर्षांत नव्याने रुजू झालेल्यांना व्हेरिएबल सरासरी किती टक्के मिळालं?’ चांगल्या कंपनीला याचं उत्तर द्यायला अडचण नसते. उत्तर गोलमोल आलं तर तू व्हेरिएबल शून्य धरून चाल.

आता बाबांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे, म्हणून तो उडवून लावू नकोस. लिसा काह्न या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७९ ते १९८९ या काळात अमेरिकेत पदवी घेतलेल्या तरुणांचे पगार पुढची बरीच वर्षं तपासले. पदवीच्या वेळी बेरोजगारीचा दर एक टक्क्याने जास्त असेल, तर सुरुवातीचा पगार सहा-सात टक्क्यांनी कमी, आणि पंधरा वर्षांनीही अडीच टक्क्यांच्या आसपास फरक शिल्लक. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवात मागे राहिली की त्याची सावली लांब पडते, हे खरंच आहे.

पण ती सावली हटते कशी, तेही शोधलं गेलंय. २०१२ मध्ये कॅनडाच्या पदवीधरांवर असाच एक अभ्यास झाला. मंदीत पदवी घेतलेल्यांचं सुरुवातीचं नुकसान साधारण नऊ टक्के, पाच वर्षांत ते निम्म्यावर, दहा वर्षांत जवळजवळ शून्य. भरून काढलं कोणी? मुख्यतः ज्यांनी पहिली जागा सोडून चांगल्या कंपन्यांत उड्या मारल्या त्यांनी. त्याआधी १९९२ मध्ये टोपेल आणि वॉर्ड या दोघा अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या नोकऱ्यांचा माग काढला होता. पहिल्या दहा वर्षांत साधारण सात नोकऱ्या, आणि त्या काळात वाढलेल्या पगाराचा निदान एक तृतीयांश हिस्सा नोकरी बदलताना मिळालेला. देश वेगळे, काळ वेगळा, आकडे जसेच्या तसे तुला लागू करू नकोस. पण दिशा ध्यानात घे: सुरुवातीच्या वर्षांत हलता येणं हीच मोठी कमाई असते. आणि मोठ्या कंपनीचा बाँड नेमकं तेच विकत घेतोय. पॅकेजमधल्या त्या जास्तीच्या २५ पैकी १० परत करण्याच्या अटीवर आहेत, वर बाँड मोडला तर सहा महिन्यांचा पगार भरायचा. ही किंमत कोणी ब्रेकअपमध्ये छापत नाही.

बाबांना दुसरीही एक भीती असणार: पुढची कंपनी ‘सध्या किती मिळतं?’ विचारते आणि त्यावर टक्का लावते. ही भीती अगदी रास्त आहे. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून ऑफर देण्याआधी हा प्रश्न विचारायला बंदी घातली, आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या पगार-पारदर्शकतेच्या निर्देशातही तो विचारता येणार नाही असं म्हटलंय. जिथे असा कायदा नाही तिथे खोटा आकडा सांगू नकोस, पगाराच्या स्लिपा मागतात. पण लक्षात घे, स्लिपेवर ठरलेला पगार दिसतो. तिथे ८८ हा ८२ पेक्षा मोठाच आहे!

वर्गातल्या मुलाबद्दल एवढंच. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला मी सरासरी आणि मध्यक शिकवणं म्हणजे आजीबाईला अंगाईगीत. नोटीस बोर्डावर ‘सर्वोच्च’ आणि ‘सरासरी’ पॅकेज लावतात, मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध असलेल्याचं पॅकेज, सहसा लावत नाहीत. का, ते तू मला सांगशील. शिवाय त्याच्या दुप्पटीतही तारांकनं किती, हे घरात कोणी विचारलेलं दिसत नाही.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. लहान फर्मच्या मुलाखतीत एका वरिष्ठ बाईंनी तुझा प्रोजेक्ट उघडला, मॉडेल ज्या डेटावर बांधलं त्याच डेटावर तपासलंय, म्हणजे पाठ केलेल्याच प्रश्नांवर परीक्षा घेतलीय, हे दाखवून दिलं, आणि ‘मला फार अपमानास्पद वाटलं’ असं तू लिहिलंस. अगं, वीस मिनिटं खर्च करून तुझी चूक शोधणारं माणूस पहिल्या नोकरीत भेटणं, याला किती पैसे लावशील? मोठ्या कंपनीत तुला कोणत्या टीममध्ये टाकणार हे रुजू झाल्यावर कळणार, असं पत्रातच म्हटलंय. तिथेही उत्तम वरिष्ठ मिळू शकतो. पण ती लॉटरी आहे.

म्हणून माझा कल लहान फर्मकडे, दोन शंका फिटल्या तर. पगार ठरल्या तारखेला होतो का, हे तिथे काम करणाऱ्या कोणालातरी विचार, मालकाला नको. आणि फर्म एकाच मोठ्या ग्राहकावर चालते का, तेही काढ. तो गेला तर पंचवीस जणांत सगळ्यात नवी तूच असशील. डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा मोठा हप्ता असेल तर हिशोब वेगळा होतो. पत्रात कर्जाचा उल्लेख नाही, म्हणून नाही असं धरतोय.

बाँडबद्दल मी जरा जास्तच बोलतोय असं वाटेल. माझ्या पहिल्या नोकरीच्या पत्रात तीन महिन्यांची नोटीस होती. मी न वाचता सही ठोकली. आठ महिन्यांनी मनाजोगी जागा चालून आली, त्यांना एका महिन्यात माणूस हवा होता. गेली.

आणखी एक. तू कुठेच काही मागितलं नाहीस. लिंडा बॅबकॉक या अर्थतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून मास्टर्स करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तेव्हा ऑफरवर घासाघीस केलेले पुरुष ५७ टक्के आणि बायका फक्त ७ टक्के निघाल्या. मागणाऱ्यांना सरासरी सात टक्क्यांहून थोडं जास्त वाढवून मिळालं होतं. कॅम्पसवरच्या मोठ्या कंपन्यांचा आकडा सगळ्यांना एकच असतो, तिथे फारसं हलत नाही. लहान फर्मला मात्र लिही: ‘काम मला आवडलं आहे. ठरलेला पगार ८८ ऐवजी ९४ होऊ शकेल का? ते शक्य नसेल तर सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घेऊ, असं ऑफर लेटरमध्ये नमूद कराल का?’ इतकंच. घरची अडचण, मैत्रिणीचं पॅकेज, काही घालू नकोस. तोंडी ‘बघू नंतर’ म्हणाले तर गोड आवाजात ‘मेलवर कळवाल का?’ म्हण.

मोठ्या कंपनीकडून आजच आणखी पाच दिवस मागून घे. बहुधा देतील; नाही दिले तरी विचारलं म्हणून ऑफर सहसा मागे घेत नाहीत. पण दोन्हीकडे होकार देऊन ठेवायचा आणि मग एकाकडे पाठ फिरवायची, हा उद्योग करू नकोस. तुझ्या मागच्या बॅचला ती कंपनी कॅम्पसवर लागणार आहे.

व्हेरिएबलचं उत्तर आलं की मला पाठव. त्याआधी रात्री जेवणं झाली की बाबांसमोर दोन्ही पत्रांची शेवटची पानं ठेव, आणि बेरीज त्यांनाच करू दे.