मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आले, केमिस्ट्रीचा मोल कन्सेप्ट डोक्यावरून जातोय. काय करू?

तुला 'तू'च म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

दहावीला मराठी माध्यमातून ८४ टक्के, आता नागपुरात अकरावी, केमिस्ट्रीचा पहिलाच धडा कळेना, तर आर्ट्सला बदली करून घेऊ का, असं विचारलं आहेस. आर्ट्स आवडत असेल तर खुशाल जा, पण मोलला घाबरून जाऊ नकोस. तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : 'हिंदी व्हिडिओ पाहताना सगळं समजतं, गणित सोडवलं की उत्तर चुकतं.' माझं अगदी हेच झालं होतं. तेव्हा व्हिडिओ नव्हते, गाईड होती, एवढाच फरक.

मी काटोलकडच्या एका गावातून आले. शाळा मराठी, कॉलेज इंग्रजीत, आणि नागपुरातल्या नंदनवन भागात खोली केली तिथली रूममेट हिंदी मीडियमची. इंग्रजी पुस्तकापेक्षा तिची हिंदी गाईड मला सोपी वाटायची. त्यात मॉलिक्यूलला 'अणु' म्हटलं होतं. मीही वहीत लिहून ठेवलं, मॉलिक्यूल म्हणजे अणू. पहिल्या टेस्टला प्रश्न आला : ऑक्सिजनच्या दोन मोल मॉलिक्यूल्सचं वस्तुमान काढा. माझ्या डोक्यात ऑक्सिजनचा अणू म्हणजे १६. दोन गुणिले १६, बत्तीस. बरोबर उत्तर ६४. पुढच्या दोन गणितांतही तीच चूक. २५ पैकी ७ मिळाले आणि त्या रात्री मीही बॅग भरायला काढली होती.

चूक कुठे झाली ते बघ. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. शब्द तोच, वस्तू वेगळी. लक्षात ठेवायला सोपं आहे : आपण अणुबॉम्ब म्हणतो, हिंदीवाले परमाणु बम म्हणतात. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, म्हणून त्याचा एक मोल ३२ ग्रॅम. अणू कोणता, रेणू कोणता हेच घसरलं तर पुढचा गुणाकार कितीही बरोबर करा.

दुसरा असाच फसवा शब्द क्षार. आपण नववीत 'आम्ल, आम्लारी व क्षार' शिकलो, तिथे क्षार म्हणजे सॉल्ट. बोअरच्या पाण्यात क्षार आहेत असं घरीही म्हणतात, तेच. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्कली. म्हणजे ज्याला आपण आम्लारीच्या बाजूला बसवतो, ते! व्हिडिओत 'अम्ल और क्षार मिलकर लवण बनाते हैं' असं ऐकलंस की तुझ्या मराठी डोक्याला ते 'आम्ल आणि सॉल्ट मिळून अजून काहीतरी' असं ऐकू येणार. नागपुरात आपण दिवसभर दोन्ही भाषा बोलतो, त्यामुळे हा घोटाळा लक्षातच येत नाही. पुण्याच्या पोरीला कदाचित हा त्रास एवढा होत नसेल.

बाकीचे शब्द वेगळे आहेत, पण निदान फसवत नाहीत. मूलद्रव्य म्हणजे त्यांचं तत्व, संयुगाला यौगिक, द्रावणाला विलयन, वस्तुमानाला द्रव्यमान, संयुजेला संयोजकता. एक दोनशे पानी वही घे, तीन रकाने पाड : मराठी, इंग्रजी, हिंदी. नवा शब्द आला की तिन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. मला पहिल्या धड्याला चार दिवस लागले, पण नंतर तोच इंग्रजी धडा मी पहिल्यांदा सलग वाचू शकले. आणि मराठी रकाना खोडायचा विचार करू नकोस. आपले शब्द अर्थ पोटात घेऊन येतात. हार्ड वॉटर म्हटलं तर काय हार्ड, काही कळत नाही. दुष्फेन म्हटलं की कळतं, फेस नीट होत नाही ते पाणी.

आता मोल. सगळे डझनाचं उदाहरण देतात. मला ते कधी पटलं नाही, कारण डझन केळी मोजता येतात. मला मोल कळला तो मामाच्या दुकानात. इतवारीत त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, रविवारी मी तिथे जेवायला जायची. एक सुतार आला, त्याला हजार स्क्रू हवे होते. मामाने पन्नास मोजून काट्यावर टाकले, १२० ग्रॅम भरले. मग सरळ २ किलो ४०० ग्रॅम तोलून पिशवीत ओतले. मी विचारलं, हजारच आहेत कशावरून? तो म्हणाला, "मोजत कोन बसते वं? तोलून टाकाचं." त्याच सुताराला मोठे स्क्रूही हजारच हवे होते, ते सहा किलो भरले. नग तेवढेच, वजन वेगळं.

मोल म्हणजे एवढंच. अणू मोजणं शक्य नाही, म्हणून तोलायचे. कार्बनचा अणू १२, ऑक्सिजनचा १६, लोखंडाचा ५६, हे आकडे म्हणजे एकेका स्क्रूचं तुलनेतलं वजन. तोच आकडा ग्रॅममध्ये घेतला की प्रत्येक पिशवीत नग सारखेच येतात : ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पाण्याचा रेणू १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण असतं ना, ते जवळजवळ दोनदा भरलं की झाला मोल. मिठाचा ५८.५ ग्रॅम, खायच्या सोड्याचा ८४, साखरेचा ३४२. स्वयंपाकघरात छोटा काटा असेल तर एकदा हे चारही तोलून शेजारी शेजारी ठेव. साखरेचा ढीग बघून तुला मामाचे मोठे स्क्रू दिसतील.

(ज्याच्या नावाने हा आकडा पाठ करतो त्या ॲव्होगॅड्रोला तो माहीतच नव्हता. त्याने कल्पना मांडली १८११ साली, संख्येला त्याचं नाव दिलं पेरॅन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये. २०१९ पासून तर मोलची व्याख्याच या आकड्यावर बांधली आहे, पूर्वी ती कार्बन-१२ या समस्थानिकाच्या १२ ग्रॅमवर होती.)

समीकरणांसाठी पानठेल्यावरचा चुना घे. चुनखडी भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीतही आधी हेच घडतं. चुनखडीचा मोल १०० ग्रॅम, कळीच्या चुन्याचा ५६, वायूचा ४४. छप्पन आणि चव्वेचाळीस, शंभर. कळीच्या चुन्यात पाणी घातलं की तो तापतो आणि विरी गेलेला, म्हणजे पानठेल्यावरचा, चुना होतो, ५६ मध्ये १८ मिळून ७४. बेरीज जुळली की मला आजही बरं वाटतं.

मला केमिस्ट्रीची भीती मात्र कूलरने घालवली. एप्रिलमध्ये घरमालकीण काकूंनी कूलर साफ करायला लावला. ताट्यांवर आणि पंपावर पांढरा थर, नखाने निघत नव्हता. काकू म्हणाल्या, "चायनीजवाल्याकडचं व्हिनेगर टाक त्याच्यावर." टाकलं. थर फसफसला, बारीक बुडबुडे आले, आणि मी ओल्या हातांनी तशीच वही शोधत आत गेले. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. कूलरमध्ये पाणी उडून जातं, कार्बन डायऑक्साइड निसटतो, मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. म्हणजे चुनखडीच. त्यावर आम्ल पडलं की पुन्हा वायू. पुस्तकातलं समीकरण माझ्यासमोर बुडबुडे काढत होतं. (संडास धुवायचं ॲसिड यासाठी वापरू नकोस. पंप तर जाईलच, हातही जातील.) आज मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्याची सुरुवात त्या पंपापासून धरायला हरकत नाही.

क्लासबद्दल विचारलंस. आधी नववीचा 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा मराठीत परत वाच. मोल तिथेच आहे, आपण तेव्हा तो परीक्षेपुरता उरकलेला असतो. पुस्तक बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं. मग अकरावीचा पहिला धडा इंग्रजीत. एवढं करून अडलं तरच क्लासचे पैसे भर. आणि मेडिकलची 'नीट' (NEET) परीक्षा द्यायची असेल तर तो पेपर मराठीतही घेता येतो, हे कॉलेजात फारसं कोणी सांगत नाही.

व्हिडिओ बघ, पण पेन हातात ठेवून. गणित समोर आलं की तो बंद करून आधी आपण सोडवायचं.

आता एक गणित देते. २५ ग्रॅम चुनखडी पूर्ण भाजली तर कळीचा चुना किती मिळेल? १४ ग्रॅम आलं पाहिजे. २८ आलं तर कुठे घसरलीस ते शोध आणि मला लिही.