375 कुठून आले?

पोरी,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा तक्ता पाहिला. चौथीचा वर्ग, पट 23, संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचे प्रश्नवार गुण, खाली सरासरी, वर हिरवा-पिवळा-लाल रंग. आणि शेवटी तुझा प्रश्न: "बाई, या लाल सहाजणांना आता काय शिकवू?"

तक्ता देखणा आहे. पण उत्तर त्यात नाही, म्हणून तर तुला झोप लागली नाही. उत्तरपत्रिका कुठे आहेत? गठ्ठा बांधून कपाटात टाकल्यास ना? काढ बाहेर.

503 वजा 278 असं एखादं गणित असेलच. एकाने उत्तर लिहिलं असेल 375, दुसऱ्याने 275. दोघांना शून्य, दोघंही लाल. पण 375 वाला प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन. वरचा अंक कुठला, खालचा कुठला, याच्याशी त्याला देणंघेणंच नाही. 275 वाल्याला हातचा येतो. फक्त दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर तो थेट शतकाकडे उसना मागायला गेला, आणि शून्यातून सात जाईनात म्हणून सात तसेच खाली उतरवले. पहिल्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखव. दुसऱ्याला शंभराची नोट दे, दहाच्या दहा नोटा करू दे, मग त्यातली एक सुटी करू दे. दोघांना एका ओळीत बसवून 'वजाबाकीची उजळणी' घेतलीस तर एक कंटाळेल, दुसरा धास्तावेल, आणि तुझ्या टाचणात मात्र 'उपचारात्मक अध्यापन झाले' अशी नोंद पडेल.

चुकलेलं उत्तर वाच. गुण नंतर.

'त्रेसष्ट' ऐकून 36 लिहिणारंही एखादं असेल. मराठीत तीन आधी कानावर पडतात, साठ मागून येतात. पोर ऐकलं त्या क्रमाने लिहितं. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी 'साठ तीन' आलं तेव्हा काय हसले लोक! मला हसू आलं नाही. तसल्या 36 च्या वह्या माझ्या टेबलावर होत्या.

हे शहाणपण मला उशिरा आलं. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या. मूल शिकत असतानाच त्याला कुठे हात द्यायचा ते कळावं, एवढाच त्यातल्या आकारिक मूल्यमापनाचा हेतू. आम्ही काय केलं? नोंदींच्या तयार पुस्तिका विकत मिळत, त्यातून वाक्यं उतरवली. एका मुलीच्या नावापुढे मी लिहिलं, 'प्रकट वाचन आत्मविश्वासाने करते.' ती धडा पाठ म्हणायची. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या ओळीवर. ते बोट मी पाहिलं होतं गं. पाहूनही लिहिलं. सहावीत तिची शाळा सुटली.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि जो तो शाळा 'प्रगत' करायच्या घाईत. माझ्या वहीत चार नावं होती, ज्यांना परिच्छेद वाचता येत नव्हता. शाळा 'प्रगत' झाल्याच्या कागदावर मी सही केली नाही. बैठकीत उभं करून ऐकवलं गेलं, बाईंना काम नको म्हणे. काम नको? शाळा सुटल्यावर त्या चौघांना घेऊन पाऊण तास कोण बसत होतं? असो. सहकाऱ्यांशी वर्षभर अबोला धरला, तेवढं मात्र चुकलं. सही न केल्याचं आजही काही वाटत नाही.

तू म्हणशील, गुण ऑनलाइन भरायचेत, केंद्रप्रमुख येणार आहेत. भर ना! शिक्षणसेवकाची, मानधनावरची तीन वर्षं कशी काढावी लागतात ते मला सांगू नकोस. जिल्ह्यात कुठली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना जे यायला हवं त्यातलं काय, मागे आहे हे वरच्यांना त्या आकड्यांतून कळतं, त्याचा उपयोग आहे. पण 23 मुलांची सरासरी काढून तू काय करणार? सरासरी नावाचं पोर आहे का तुझ्या हजेरीपटावर?

चुकलेलं उत्तर वाच. आणि हिरव्यांचंही वाच. एकूण गुणांच्या आड तिथेही एखादं 275 लपलेलं असतं.

उद्या मधल्या सुटीनंतर एकेकाला व्हरांड्यात घे. 'चुकलं' म्हणू नकोस. 'हे 375 कुठून आले, मला शिकव' म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमत नाही, माझ्या वर्गावर सरावपाठाला यायचीस तेव्हाही जमत नव्हतं. मूल बोटं मोजेल, छताकडे बघेल, अर्धा मिनिट जाईल. जाऊ दे. मग जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरव.

रविवारी दुपारी ये. वही आण, तक्ता घरीच राहू दे.

तुझी,
बाई