वाचकांचे प्रश्न : जुळणीच्या मोटारी, पावसाळी रंग आणि जुनी खोकी

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मोटारींच्या प्रतिकृती तयार करण्याच्या छंदाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. रंगाविषयीच्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण किनारपट्टीवरच्या बहुतेक वाचकांची तीच अडचण आहे.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला मोटारींचे विलक्षण वेड आहे. तिच्यासाठी पहिले किट कोणते घ्यावे? खोक्यांवर १:२४, १:२५, १:३२ असे आकडे असतात, त्यांत फरक काय? (एक पालक, नाशिक)

उत्तर : खऱ्या गाडीच्या मानाने प्रतिकृती किती पट लहान आहे, हे त्या आकड्यावरून कळते. एका फुटाला अर्धा इंच धरला की १:२४ हे प्रमाण येते आणि जपानी व युरोपीय मोटारींची बहुतेक किट त्याच प्रमाणात निघतात. अमेरिकेत एएमटीसारख्या कंपन्या मोटारविक्रेत्यांसाठी १:२५ प्रमाणातील तयार प्रतिकृती करीत असत. १९५८ पासून त्याच प्रमाणात दर वर्षीच्या नव्या गाड्यांची किटही निघू लागली आणि तिथे तेच माप रूढ झाले. कपाटात शेजारी ठेवल्यावर या दोहोंतला फरक सहसा जाणवत नाही.

पहिल्या किटसाठी आओशिमा या जपानी कंपनीच्या १:३२ प्रमाणातील ‘स्नॅप किट’ मालिकेची मी निःसंकोच शिफारस करीन. त्यातील भाग मुळातच रंगीत असतात आणि गोंदाशिवाय एकमेकांत बसतात. ते जमल्यावर तामिया या जपानी कंपनीची १:२४ प्रमाणातील १९६६ची फोक्सवॅगन बीटल घ्यावी. ती जोडून सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची होते. या टप्प्यावर पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडण्याचे द्रव, वापरावे लागेल. ते चिकटवत नाही, तर पॉलिस्टायरिन हे किटच्या भागांचे प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून त्याचा एक थेंब सांध्याच्या कडेला टेकवला तरी तो आपोआप फटीत ओढला जातो. त्याची वाफ नाकात जाऊ नये यासाठी काम उघड्या खिडकीपाशी आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे.

प्रश्न : जुलैमध्ये मी गाडीच्या बॉडीवर लॅकरचा लाल रंग स्प्रेने मारला. तासाभरात त्यावर दुधाळ पांढरी छटा आली आणि चकाकी नाहीशी झाली. रंग खराब होता का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : रंगात काही दोष नसावा, हा हवेचा परिणाम आहे. लॅकरमधील द्रावक फार वेगाने उडून जातो आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग थंड पडला की पावसाळी हवेतील बाष्प त्यावर जमते, ओल्या रंगाच्या थरात अडकते आणि तो थर पांढुरका दिसू लागतो. लाल, काळ्या आणि गडद निळ्या रंगांवर हे अधिक उठून दिसते.

झालेले नुकसान बहुतेक वेळा भरून निघते. कोरडा दिवस पाहून, सावकाश उडणारे थिनर, ज्याला दुकानांत रिटार्डर थिनर म्हणतात, ते मिसळलेल्या त्याच रंगाचा अगदी पातळ हात द्यावा. खालचा थर किंचित मऊ होतो, अडकलेला ओलावा सुटतो आणि पुष्कळदा मूळ रंग परत येतो. तेवढ्याने भागले नाही, तर थर पूर्ण वाळू द्यावा, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली हलकेच घासावा आणि पुन्हा रंग द्यावा. वातानुकूलित खोलीत बाष्प कमी असते हे खरे, परंतु बंद खोलीत लॅकर फवारणे फुप्फुसांना घातक आहे. वाफ बाहेर टाकणारा पंखा आणि योग्य मुखवटा नसेल, तर तो मार्ग मुळीच पत्करू नये.

माझे स्पष्ट मत असे की, कोकणात राहणाऱ्याने वर्षाची आखणीच त्याप्रमाणे करावी. आषाढ-श्रावणात इंजिन, सांगाडा, आसने आणि डॅशबोर्ड ही ब्रशने रंगवण्याची कामे उरकावीत आणि बॉडीचे स्प्रेकाम मार्गशीर्ष-पौषासाठी राखून ठेवावे. मधल्या महिन्यांत बॉडीची जी तयारी होते, तिच्यावरच अखेरची चकाकी अवलंबून असते. बॉडीचा साचा अनेक तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे जिथे मिळतात तिथे मडगार्डवर, तसेच छताच्या खांबांवर केसासारखी बारीक रेघ उमटते. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारण्यापूर्वी ती पात्याच्या पाठीने खरवडून ६०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करावी, कारण चकचकीत रंगाखाली ती लपण्याऐवजी अधिकच उठून दिसते. जिथे खळगा असेल तिथे लांबी (पुट्टी) भरावी. दरवाजे आणि बॉनेट यांच्या कडेच्या खाचा टोकदार हत्याराने थोड्या खोल कराव्यात, नाहीतर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) यांच्या थरांनी त्या बुजतात आणि दरवाजा नुसता चितारल्यासारखा वाटतो. त्यानंतर बॉडी भांड्यांच्या साबणाने धुऊन साच्याचे तेल घालवावे आणि पुढे तिला उघड्या बोटांनी हात लावू नये.

याच प्रश्नाला जोडून काचांविषयी सांगतो. फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाची वाफ पारदर्शक भागांवर पांढरा थर धरते आणि तो सहजी निघत नाही. काचा बसवायला साधा फेव्हिकॉल पुरतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या फडक्याने पुसता येतो.

प्रश्न : वडिलांनी परदेशातून आणलेल्या जुन्या किटांपैकी एक गाडी जोडलेली आहे आणि दोन खोकी तशीच आहेत. जोडलेल्या गाडीची चाके टायरपाशी वितळल्यासारखी झाली आहेत, तर खोक्यातील डिकल (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची छापील चित्रे) पिवळे पडले आहेत. काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ती चाके उष्णतेने वितळलेली नाहीत. जुन्या किटांतील अनेक टायर मऊ विनाइलचे असतात आणि विनाइल मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडून पॉलिस्टायरिनला गिळत राहते. टायर आजच काढावेत, रिमचा खराब भाग घासून लांबीने भरावा आणि टायर परत चढवण्यापूर्वी मध्ये पातळ धातूची पट्टी घालावी. न जोडलेली खोकीही तातडीने उघडावीत. टायर काचांना किंवा इतर भागांना टेकलेले असतील, तर ते वेगळ्या पिशवीत ठेवावेत. खोके न उघडल्याने किंमत टिकते, या समजापायी आतला माल बिघडू देणे मला पटत नाही.

डिकलचा कागद आधी स्कॅन करून घ्यावा. मग तो उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून काही दिवस ठेवावा. पिवळेपणा बराच उतरतो. जुना डिकल पाण्यात घालताच त्याचे तुकडे होण्याचा धोका असतो, म्हणून त्यावर आधी क्लिअर कोटचा एक हात द्यावा आणि प्रत्येक चित्र कडेने कापून वेगळे करावे.

प्रश्न : जुन्या किटांना भरमसाट भाव सांगितला जातो, तो द्यावा का? आणि आपल्या पद्मिनीचे किंवा जिप्सीचे किट का मिळत नाही? (एक संग्राहक, ठाणे)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर साच्यात आहे. पोलादी साचा फार महाग पडतो. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १:१२ प्रमाणातील पोर्श ९३४ काढताना खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती, आणि १९७६ मध्ये त्याच बॉडीवर रेडिओवर चालणारी मोटार काढून खर्च भरून काढला. एवढा खर्च करणारी कंपनी जगभर खपेल अशीच गाडी निवडते आणि केलेला साचा दशकानुदशके वापरते. म्हणून ‘दुर्मिळ’ म्हणून चढ्या भावाने घेतलेले किट पुढच्याच वर्षी नव्या खोक्यात निघू शकते. एएमटी आणि एमपीसी या अमेरिकी कंपन्यांचे कित्येक जुने साचे आज राउंड २ ही कंपनी पुन्हा वापरते आहे. खोक्यावरच्या तारखेवर विसंबू नये. सांगाड्याच्या खालच्या बाजूला कोरलेले वर्ष दिसले, तर साच्याचे वय कळायला त्याची जास्त मदत होते.

जिप्सीचा योग मात्र जुळवता येतो. ती सुझुकीच्या लांब एसजे४१० वर आधारलेली होती आणि हासेगावा या जपानी कंपनीचे १:२४ प्रमाणातील जिम्नी जेए११ हे किट त्याच पिढीतील आखूड गाडीचे आहे. खऱ्या गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर अनुक्रमे २३७५ आणि २०३० मिलिमीटर आहे, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे १४.४ मिलिमीटरची भर घालावी लागेल. बॉडी दरवाज्यामागे कापावी आणि मधला तुकडा पॉलिस्टायरिनच्याच पत्र्याचा करावा, म्हणजे सिमेंटने तो बॉडीशी एकजीव होईल. सांगाडाही तेवढाच वाढवावा लागेल. तो आधी वाढवून चाकांवर उभा करून पाहावा आणि मगच बॉडीला करवत लावावी.