मिठाचं पोतं बागेत ओतू नका!

प्रश्न: आमचं घर चिपळूणजवळ आहे, मागे छोटी परसबाग. पाऊस सुरू झाल्यापासून रात्री मोठ्या शंखवाल्या गोगलगायी येतात आणि सकाळपर्यंत काकडी, भेंडीची रोपं साफ. शेजारच्या काकू म्हणतात मीठ टाक, दुकानदाराने विषाच्या गोळ्या दिल्यात. घरात कुत्रा आहे. काय करू?

उत्तर: ताई, त्या गोळ्या आधी दुकानात परत करा. गोगलगायींच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा मेटाल्डिहाइड नावाचं विष असतं आणि त्यात धान्याचं आमिष मिसळलेलं असतं, म्हणून कुत्रा ते खाऊ म्हणून खातो आणि मग थरथर, झटके, जीवावर बेततं. आणि मीठ मातीत टाकलंत तर गोगलगाय मरेल पण वाफाही खराब होईल, तिथे नंतर काही धड उगवत नाही.

ही आफ्रिकन शंखी गोगलगाय, आपली नव्हेच, १८४७ साली कोलकात्यात आणली गेली आणि तिथून पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं हिनेच फस्त केली. एकाच गोगलगायीत नर-मादी दोन्ही, त्यामुळे प्रत्येक जण अंडी घालू शकतो, एका वेळी शंभराच्या वर. म्हणून नुसत्या चारदोन मारून भागत नाही, रोज वेचायलाच लागतं.

जुनी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवायची आणि संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरून ठेवायची. सकाळी उन्हं चढायच्या आत उलटायची, खाली गोळा झालेल्या असतात. हातात ग्लोव्हज किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालूनच उचला, मुलांना हात लावू देऊ नका, गोगलगायींच्या अंगातले जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात. मिठाच्या घट्ट पाण्याच्या बादलीत टाका (मीठ तिथे वापरा, मातीत नको) आणि मग बागेपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, ते खारट पाणीही झाडांपाशी ओतू नका. पायाने चिरडू नका, पोटात अंडी असली तर तिथेच राहतात. माती उकरताना साबुदाण्यासारखे पिवळसर दाणे दिसले की तीच अंडी, तीही त्याच बादलीत टाका. दोनेक आठवडे नेमाने केलंत की फरक दिसतो. अजून एक, कुंपणात भारद्वाज येत असेल तर त्याला त्रास देऊ नका, तो या गोगलगायी आवडीने खातो.

प्रश्न: पुण्यात बाल्कनीत जास्वंद आहे, कळ्यांवर कापसासारखं पांढरं येतं आणि मुंग्याही फिरतात. मुंग्यांमुळेच होतं का?

उत्तर: ते मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारे छोटे किडे. मुंग्या ते तयार करत नाहीत पण मिलीबगचा गोड चिकट रस प्यायला येतात आणि बदल्यात मिलीबगना खाणाऱ्या किड्यांना हाकलतात, म्हणून मुंग्या आवरल्या की निम्मं काम झालं. खूप भरलेले शेंडे छाटून पिशवीत बंद करून टाका, कंपोस्टमध्ये नको. मग पाण्याचा जोरदार फवारा, आणि संध्याकाळी १ लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून फवारा, आठवड्याने परत. पण आधी नीट बघा, मिलीबग खाणाऱ्या एका लेडीबर्डची (छोट्या गोल भुंग्याची) अळीसुद्धा तशीच पांढरी लोकरी दिसते, फक्त मोठी असते आणि भराभर चालते. ती दिसली तर फवारा लांबणीवर टाका.

प्रश्न: फोटो पाठवतोय, लाकडांच्या ढिगात सहा-सात फुटी साप. मारू का?

उत्तर: नाही दादा, मारू नका. फोटोवरून तरी धामण वाटतेय, बिनविषारी, उंदीर खाणारी, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. गाईचं दूध पिते ही खोटी समजूत. पण फोटोवर शंभर टक्के विसंबू नका, फणा न काढलेला नाग लांबून असाच दिसू शकतो, म्हणून ८-१० फूट लांब राहा. घरात शिरली तर स्वतः धरायला जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. आणि लाकडं घराच्या भिंतीला टेकून रचली असतील तर लांब हलवा, पण दिवसाढवळ्या, बूट घालून, एकेक ओंडका काठीने सरकवत.